पूजेला बसलेला जॅक

आमच्या अप्पांच्या दुकानात माणसाला जन्मभर पुरेल एवढं लोखंड होतं. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी ते दुकान आणि त्याच्या माडीवर आमचं घर. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, पहारी, टिकाव, पकडी, पाने, आणि छताला टांगलेल्या बादल्यांची लांबलचक माळ. वाऱ्यानं त्या एकमेकींवर आपटल्या की एखाद्या मठात आरती चालल्यासारखं वाटायचं. अप्पा गादीवर बसायचे ते दरबार भरवल्यासारखे. अंगानं भरभक्कम, परीटघडीचं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाज असा की मागच्या गल्लीतले माग दचकावेत. गिऱ्हाईक नुसता खिळा मागायला आलं तरी ते विचारायचे, "कशात मारायचाय? सागात, बाभळीत का भिंतीत?" उत्तर ऐकून वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटायचे आणि मग डब्यात हात घालून नेमका तो खिळा काढायचे. "काम हातानं बिघडत नसतं, हत्यारानं बिघडतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी इतक्या लोकांना इतक्या मोठ्यानं ऐकवलं होतं की पुढं जे घडलं ते नेमकं त्यांच्याच बाबतीत घडावं, यात महादेवाचाच हात असणार.

घरात पहाट व्हायची ती मागच्या गल्लीतल्या मागांच्या खटखटीनं. तिथली विणकर मंडळी तेलुगूत भांडायची आणि मराठीत समेट करायची. आमच्याकडं अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीशी असली की कन्नड बोलायची आणि ताटं मांडली की मराठी. असं का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती शेंगाचटणी कुटायला बसली की उखळाचा आवाज आणि भाजल्या शेंगांचा वास जिन्यानं खाली दुकानात उतरायचा आणि गिऱ्हाईकं उगाच वर बघायची. अव्वाची तक्रार एकच: "ह्या घरात भाकरीला पण लोखंडाचा वास मारतोय." तो खरंच यायचा. आजही कुलपांच्या दुकानासमोरून गेले की मला भूक लागते. नातवंडांना हे सांगितलं तर ती माझ्याकडं काळजीनं बघतात.

माझी मोठी बहीण महानंदा, आमची अक्का. दुपारी अप्पा जेवून आडवे झाले की गादीवर ती बसायची आणि मी शेजारी, खिळे निवडायच्या नावाखाली गोष्टीचं पुस्तक मांडीत लपवून. अक्का बोलायची कमी. पण गिऱ्हाइकानं नट नुसता हातात धरून दाखवला की त्याचा पाना ती न शोधता काढायची. या विद्येपायी तिचं एक जमत आलेलं ठिकाण मोडलं होतं. "पहारी विकणारी सून आम्हाला झेपायची नाही," असा त्या लोकांनी निरोप धाडला. निरोप ऐकून अक्का उठली. खाली गेली, बिजागऱ्यांचे सगळे डबे जमिनीवर रिकामे केले आणि पुन्हा एकेक भरून ठेवले. त्या दिवशी जेवायला कुणी तिला हाक मारली नाही. तिचं ताट मी खाली नेऊन दिलं.

मग मैंदर्गीचं ठिकाण आलं. आमची आत्या तिथं दिलेली. तिच्या मुलाच्या लग्नात अक्का पंगतीत सार वाढत होती आणि शिवशरण नावाचा एक उंच, सावळा मुलगा पुन्हा पुन्हा सार मागत होता. ते सार सपक होतं. मी स्वतः प्यायले होते. शेवटी त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, पोट हाय का आड?" रात्री मी अक्काला फक्त एवढंच विचारलं, "मैंदर्गीच्या माणसांना सार लई आवडतं का गं?" तिनं उशी फेकून मारली. उशी फेकताना ती हसत होती, आणि बिजागऱ्यांच्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

आत्यानं शब्द टाकला आणि मुलाच्या वडलांनी बोलावणंही धाडलं. त्यांना सगळा गाव मालक म्हणायचा. माणूस रीतीला अतिशय कडक. त्यांच्या घरात नवं नातं जोडायचं ते दसऱ्याच्या बन्नीला, गावासमोर. आपण आपट्याचं सोनं वाटतो तशी तिकडं शमीची पानं वाटतात, त्याला बन्नी म्हणतात. गाव सीमोल्लंघनाला निघतं, शिवेवरच्या शमीपाशी बन्नी होते, आणि त्याच वेळी हे घर नव्या सोयऱ्यांना पान देतं. "उन्हं कलायच्या आत पोचा," आत्यानं बजावलं. "दसरा चुकला की मालक पुढच्या दसऱ्यापर्यंत विषय काढू देत नाहीत. आणि पोरगी दुकानात बसते हे चुकून तोंडातनं काढू नका. हात तेवढे नीट धुवून आणा तिचे."

जायचं होतं आमच्या गाडीनं. अप्पांनी गिरणीतल्या एका साहेबाकडून जुनी काळी गाडी घेतली होती आणि तिचं नाव गजलक्ष्मी ठेवलं होतं. गाडी द्यायला आलेल्या ड्रायव्हरनं चाक कसं बदलायचं ते दाखवायला डिकी उघडली, तेव्हा अप्पांनी एकदा ग्रीसकडं आणि एकदा धोतराकडं बघितलं आणि म्हणाले, "महानंदा, बघून घे गं." अक्कानं बघून घेतलं. पुढं तिचा हात बसावा म्हणून रविवारी बोळात सराव व्हायचा. ती चाक काढायची, पुन्हा बसवायची, आणि अप्पा शेजारी उभं राहून वरच्या खिडक्यांतल्या मंडळींना ती काय करतेय ते समजावून सांगायचे. टाळ्या त्यांना मिळायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. लोखंडवाल्याच्या घरी हा सण म्हणजे काय असतो ते दिवाळीवर जगणाऱ्यांना कळायचं नाही. दुकान धुवून काढायचं, मोठ्या पाटावर कोरं चादरीचं कापड अंथरायचं आणि त्यावर एकेका जातीचं एकेक हत्यार मांडायचं: पहार, घण, करवत, पाना, पकड, तराजू, अगदी अव्वाची विळी आणि माझी कात्रीसुद्धा. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि नैवेद्याला गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार. एकदा हत्यार पाटावर बसलं की ते दसऱ्याची बन्नी होऊन त्याच्यावर पान पडेपर्यंत हलवायचं नाही. त्या दोन दिवसांत आमच्या घरी भाजीसुद्धा हातानं मोडून व्हायची. त्या वर्षी अप्पांना गाडीमुळं नवा हुरूप आलेला. आरती सुरू होणार तेवढ्यात ते ओरडले, "थांबा," आणि डिकीतून जॅक आणि चाकाचा पाना दोन्ही हातांवर, तान्हं बाळ आणावं तसे घेऊन आले. जॅक अगदी मधोमध, पहारीच्याही पुढं बसला. त्याला सगळ्यांत मोठा झेंडू मिळाला. अप्पा म्हणाले, "घराची लाज हाच राखणार." अव्वानं घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवणवेळेच्या आतच निघालो. अप्पा चालवायला, शेजारी अव्वा, मागं मोरपंखी इरकल नेसलेली अक्का आणि मी. मांडीवर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचं गाडगं. अप्पा मालकांशी कसं बोलायचं त्याची तालीम करत होते. एकदा स्वतः बोलायचे, एकदा मालक होऊन उत्तर द्यायचे, आणि मालकांचं उत्तर दर वेळी होकाराचंच असायचं. अक्कलकोट मागं पडलं. दोन्हीकडं काळी रानं, मध्येच हिरवीगार तूर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अप्पा मालकांच्या आवाजात "पोरगी पसंत हाय" म्हणाले, आणि त्याच क्षणी गाडीच्या पोटाखालून फाट्टकन आवाज झाला. गजलक्ष्मी डाव्या अंगाला लचकली आणि बाभळीखाली जाऊन थांबली.

मागचं चाक पार बसलं होतं. अप्पा मात्र खुशीत उतरले. हे व्हावं म्हणून तर त्यांनी एवढे रविवार घालवले होते. धोतराचा सोगा खोचून त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी हातानं थोपटली, आत वाकले, आणखी वाकले, आणि मग बराच वेळ त्यांची फक्त पाठच दिसत राहिली. बाहेर आले तेव्हा विभूतीखालचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा झाला होता.

"काय झालं?" अव्वानं विचारलं.

"काय नाही. जॅक जरा... घरी बसलाय."

"पाना?"

"तोही त्याच्याशेजारीच की."

अव्वा गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सोलापूर जिल्ह्याला पाने विकता तुम्ही. वाटेत एखादं दुकान दिसतंय का बघते." मला हसू आवरेना. अक्काकडं बघितलं आणि ते आपोआप आवरलं. ती मांडीवरच्या हातांकडं बघत बसली होती. आदल्या रात्री अव्वानं ते हात हळद आणि साय लावून तासभर चोळले होते.

मग अप्पा रस्त्याच्या मधोमध उभं राहून येईल ते वाहन अडवायला लागले. यायची ती सगळी झेंडूच्या माळा घालून, उसाची वाढं बांधून, नवरदेवासारखी नटून यायची, आणि प्रत्येकाचं उत्तर तेच. एका ट्रकवाल्यानं तर कपाळाला हात लावला. "सब सामान पूजा में बैठ्या है सेठ. क्लीनर बोल्या, आज हात लगानाच नै. मैं खुद अल्ला के भरोसे चल रहा हूँ." सायकलवर एक मास्तर आले, त्यांचा हवेचा पंपसुद्धा देवापुढं होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी अख्ख्या मुलखातलं एकूण एक हत्यार हळदकुंकू लावून आराम करतंय आणि हातानं मोकळी अशी फक्त माणसं फिरतायत. उन्हं हळूहळू पिवळी व्हायला लागली होती. अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "चूक माझी झाली गं पोरी," ते अक्काला म्हणाले. अक्का म्हणाली, "विहिरीवर इंजिन असेल तिथं पाना असतो, अप्पा," आणि तुरीपलीकडं दिसणाऱ्या पत्र्याच्या खोपीकडं बोट केलं.

खोपीत एक म्हातारी होती, गौराव्वा. पोरगा, सून सणाचं अक्कलकोटला गेलेले, ती एकटीच राखण करत बसलेली. खोपीच्या कोपऱ्यात गोणपाटावर खुरपी, विळे, कुदळ, पेरायची पाभर आणि त्यांच्या पुढं इंजिनाचे दोन लांब पाने, हळदीनं पिवळे झालेले. अक्का त्यातल्या एकाकडं बघून हळूच मला म्हणाली, "हा बसतोय."

"वासा पायजे तर न्या, दगुड न्या," आमची अडचण ऐकून गौराव्वा म्हणाली. "त्येला पूजा नसती. पर बन्नी झाल्याबिगर हत्यार उठवायचं न्हाय. माज्या सासूनं उठवलं न्हाय, तिच्या सासूनं उठवलं न्हाय."

अप्पांनी लोखंडावरचं भाषण सुरू करायला तोंड उघडलं, पण अव्वानं त्यांना नुसत्या कोपरानं मागं सारलं आणि ती म्हातारीसमोर फतकल मारून बसली. "बरोबर हाय तुमचं. रीत म्हणजे रीत. पण बन्नी कधी करायची असती, आजी?"

"शीव वलांडल्यावर."

"मग आम्ही सकाळपासनं दुसरं काय करतोय? सोलापूरची शीव ओलांडली, अक्कलकोटची ओलांडली. आमचं सीमोल्लंघन झालं की."

म्हातारी काही कच्ची नव्हती. "तुमचं झालं. माजा पाना कुटं वलांडला शीव? त्यो हितंच बसलाय."

"पाना सगळीकडं बसूनच असतो. शीव मालकानं ओलांडायची असती. तुमी रानाचा बांध ओलांडून रस्त्यावर या. तितं आमच्याकडनं बन्नी घ्या, आमाला द्या. मग घरी येऊन पान्यावर पान ठेवा. यात कुठली रीत मोडली सांगा."

 गौराव्वानं एकदा पान्याकडं, एकदा बांधाकडं बघितलं. मग म्हणाली, "दरसाली पोरं रातच्याला येत्यात तवा माजी बन्नी. दिसाउजेडी मला कोण देतंय वस्तीवर?" आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चला बर्री. लौकर चला."

बांधावरच्या शमीवर मला चढवण्यात आलं. शमीला पानांपेक्षा काटे जास्त असतात हे मला त्या दिवशी सर्वांगानं कळलं. ओचा भरून बन्नी घेऊन मी उतरले तेव्हा गौराव्वा डोक्यावरचा पदर नीट करून बांधाच्या अलीकडं उभी होती. तिनं बांध ओलांडला, अगदी सावकाश, जणू लंका जिंकायला निघालीय, आणि रस्त्यावर अव्वाच्या हातात पान ठेवून म्हणाली, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. अव्वानंही तेच म्हणून तिच्या हातात पान ठेवलं आणि तिच्या पाया पडली. मग आम्ही सगळेच पडलो, अप्पांसकट. म्हातारी परत खोपीत गेली, पान्यावर पान ठेवलं आणि तो पाना स्वतःच्या हातानं आणून अक्काला दिला. "जा ग तंगी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली. " तुज्या लग्नाला मला पुढं बसवा म्हंजे झालं."

अक्कानं मोरपंखी इरकलीचा पदर कमरेला आवळून खोचला. इथून पुढं आमची अक्का निराळीच होती. अप्पा म्हणाले, "आधी गाडी उचलू." ती म्हणाली, "नाही अप्पा, चाक टेकलेलं आहे तोवरच नट ढिले करायचे, नाहीतर चाक गरगर फिरत राहील." पुढच्या चाकाला तिनं माझ्याकडून धोंडा लावून घेतला. मग पाना नटावर बसवला, चप्पल काढली आणि दांड्यावर सबंध उभी राहिली. कुर्रर्र करून पहिला नट हलला. गौराव्वानं तोंडात बोट घातलं.

आता उचलायचं. खोपीतला लांब वासा गाडीच्या खाली सारला, त्याखाली जवळच एक मोठा दगड, आणि दुसरं टोक वर तरंगतं राहिलं. अप्पांनी त्या टोकाकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, आणि त्यांना आपला उपयोग कळला. ते बसले. गाडीचं ढुंगण चार बोटं वर आलं आणि थांबलं. "आणखी लागतंय," अक्का म्हणाली. सगळ्यांनी अव्वाकडं बघितलं. अव्वानं नाही नाही म्हटलं, रस्त्याकडं बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसली. गजलक्ष्मी डौलात उठली. लग्नाच्या बोहल्यानंतर त्या दोघांना चारचौघांत जोडीनं बसलेलं कुणी पाहिलं नसेल. मी आणि गौराव्वानं आसाखाली दगड रचले, तरी अक्का म्हणाली, "माझं होईस्तोवर उठू नका." अप्पा म्हणाले, "आम्ही कुठं तक्रार करतोय?" अव्वा म्हणाली, "समोर बघा." तेवढ्यात एक एस.टी. गेली. खिडक्यांतली सगळी माणसं मान वळवून बघत राहिली, आणि अप्पांनी वाशावरूनच त्यांना हात जोडून दसऱ्याचा नमस्कार केला.

अक्कानं जुनं चाक ओढून काढलं, स्टेपनी मांडीवर घेऊन नेमकी बसवली, नट एकाआड एक समोरासमोरचे आवळले, दगड काढून आईबापांना उतरवलं आणि पुन्हा दांड्यावर उभी राहून शेवटचं कसलं. अप्पा एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे. दह्याचं गाडगं आणि भाकरी आम्ही गौराव्वापाशी ठेवल्या. पाना परत द्यायला गेलो तर ती घेईना. "ऱ्हाऊ द्या, म्होरं पुन्ना बसली गाडी तर? उद्या जाताना द्या."

मैंदर्गीच्या शिवेवर पोचलो तेव्हा वाजंत्री सुरू झालेली. शमीपाशी सगळा गाव जमलेला, सूर्य झाडाच्या फांदीवर टेकलेला, आणि आत्या रस्त्यावर येऊन हात ओवाळून आम्हाला बोलावत होती. अप्पांनी गाडी नेऊन थेट गर्दीच्या कडेला थांबवली. अक्का घाईनं उतरली, आणि उतरली ती पाना हातात घेऊनच. आत्याचा चेहरा मी विसरणार नाही. कोपरापर्यंत काळे हात, मोरपंखी पदरावर ग्रीसचा पंजा, आणि मुठीत हातभर पाना, त्याला हळदकुंकू आणि शमीचं पान चिकटलेलं. वाजंत्री मध्येच थांबली की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मालक पुढं आले. बारीक अंगकाठी, मोठा पांढरा फेटा, नजर एकदम पान्यावर. "ह्याला पूजा झालेली हाय," ते म्हणाले. "अन् गावाची बन्नी अजून व्हायची हाय. मग उठला कसा ह्यो?"

अप्पांनी घसा खाकरला. मला वाटलं आता ते मालकांचंही बोलणं स्वतःच बोलणार. पण त्यांच्या आधी अक्का बोलली. "गौराव्वांनी बांध ओलांडून बन्नी केली. पान्यावर पान ठेवलं. मग उचलला."

मालकांनी पाना हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, पान बघितलं. सगळा गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होता. रीतीत भोक शोधण्यात त्या माणसाची हयात गेली होती आणि इथं त्यांना ते सापडत नव्हतं. "बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले, जरा नाराजीनंच. "चाक कुणी बदललं?"

आत्यानं डोळे मिटले. अप्पांनी अव्वाकडं बघितलं. अक्का म्हणाली, "मी. आमच्या दुकानात मी बसते. मला येतं."

मालक तिच्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून गर्दीत मागं उभ्या असलेल्या शिवशरणला विचारलं, "तुला येतंय का रे?"

तो उंच मुलगा खाली बघून म्हणाला, "नाही."

"आमच्या दारात जीप हाय," मालक अप्पांना सांगायला लागले, आणि मला त्यांचा आवाज एकाएकी एखाद्या दमलेल्या माणसासारखा वाटला. "जरा पेठंला न्यावी तर बसती. दर खेपेला बैल लावून घरी आणतो. ह्या पोराला फक्त तिचा हॉर्न वाजवता येतो." मग त्यांनी शमीची पानं घेतली आणि अक्काला हात पुढं करायला सांगितलं. तिनं घाईघाईनं तळवे पदराला पुसायला घेतले. "ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले, आणि त्या काळ्या तळव्यावर त्यांनी हिरवं पान ठेवलं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." वाजंत्री आता नक्की सुरू झाली, कारण अप्पांनी स्वतःच वाजवणाऱ्याच्या हातातून ढोल घेतला होता. शिवशरणच्या आईनं अक्काला घरी नेऊन शेंगतेल आणि राखेनं तिचे हात घासले, आणि मी शेजारी बसून बघितलं: पाणी घालायला तांब्या घेऊन शिवशरण उभा होता, आणि हात स्वच्छ झाल्यावरही तो पाणी घालतच राहिला. मी म्हणाले, "सार आहे का हो ते?" अक्कानं ओल्या हातानं मला चापट मारली.

दुसऱ्या दिवशी पाना गौराव्वाला पोचता केला, वर नवं लुगडं. लग्नात तिला व्याह्यांच्याही पुढं बसवलं, आणि ती आलेल्या प्रत्येकाला सांगत होती की हे लगीन तिच्या पान्यानं जमवलंय. अक्काच्या रुखवतात अप्पांनी तांब्याच्या घागरीशेजारी एक नवाकोरा जॅक मांडला, त्याला जरीची झूल शिवून. मैंदर्गीचे बैल त्यानंतर फक्त शेतात जुंपले गेले.

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हयातीत त्यांनी घराची एकच रीत बदलली, ती ही. त्या दसऱ्यानंतरच्या खंडेनवमीला पहारी, घण, पाने सगळे पाटावर बसले, आरतीचं ताट तयार झालं, आणि अप्पा ते घेऊन जिन्यानं खाली बोळात निघाले. गाडीची डिकी उघडली, ताट आत धरलं आणि स्वतः कमरेपर्यंत आत शिरून जॅकला आहे तिथंच हळदकुंकू लावायला लागले. मागच्या गल्लीतली विणकर मंडळी खिडक्यांत जमली. त्यांतल्या एकानं विचारलं, "सेठ, देव आत बसलाय का?"

डिकीतून अप्पांचा घुमलेला आवाज आला, "व्हय. हा देव घरात येत नसतो. ह्याच्याकडं आपणच जायचं असतं."

अव्वा माडीच्या कठड्याशी उभी होती. तिनं वरूनच घंटा वाजवली.